आत्तूचा घास

वन्सं जेवायला बसल्याशिवाय ईश्वरीला जेवता येत नसे. हा सासुरवास नव्हता. तो सलोखा केंद्राचा नियम होता, आणि मोडला तर शिक्षा केंद्र करणार नव्हतं, ईश्वरीच्या ओटीपोटात उजव्या बाजूला बसवलेली किडनी करणार होती.

दुपारचं ताट मांडलं होतं. दोघींत एकच. ज्वारीच्या भाकऱ्या, शेपूची भाजी, आमटीची वाटी. तेजश्रीने भाकरीची कड दातांनी तोडली, तोच तुकडा भाजीत बुडवून अर्धा खाल्ला, उरलेला ताटात ठेवला. आमटीची वाटी तोंडाला लावून खाली ठेवली. प्रत्येक पदार्थाला तिचं तोंड लागायला हवं होतं. अर्धं जेवण झाल्यावर तिने ताट ईश्वरीपुढे सरकवलं.

"घ्या राणीसरकार, तुमचा नैवेद्य."

"आज मीठ कमी पडलंय का हो वन्सं?"

"मला काय विचारतेस? त्यातली चव मी आधीच खाल्ली. तुला उरलंय ते नुसतं औषध."

ईश्वरी हसली आणि तो दात लागलेला तुकडा उचलून खाऊ लागली. तेजश्री तिची थोरली नणंद. 'वन्सं' ही हाक लग्नानंतर थट्टेत सुरू झाली होती. जुन्या मालिकांतल्या सुनांची नक्कल म्हणून ईश्वरीने ती मारली आणि तेजश्रीने मुद्दाम ठसक्यात 'ओ' दिली. पुढे थट्टा विरली, हाक राहिली.

पाटावर बसून चार वर्षांची रुंजी वाट बघत होती. भाकरीचा एक तुकडा तिच्यासाठी राखलेला असे. त्याच तुकड्याला आधी आत्याचा चावा, मग आईचा, आणि उरलेला तिच्या तोंडात.

"हा आत्तूचा," ती बोट नाचवत म्हणाली. "हा आईचा. आणि हा रुंजीचा!"

तिने आ केला. ईश्वरीने घास भरवला आणि बोटाला लागलेली आमटी तिच्या ओठांना पुसली. जेवायला त्रास देणारं पोर या एका खेळाने सबंध भाकरी संपवायचं. बालवाडीच्या डब्यातल्या पोळीलाही सकाळी आत्तूचा दात लागल्याशिवाय ती दप्तराला हात लावत नसे. घाईच्या वेळी तेजश्री शिलाई मशीनवरून उठून यायची, पोळीची कड चावायची आणि म्हणायची, "घ्या. झालं सही-शिक्का."

मिरजेत आता याचं कुणाला काही वाटत नव्हतं. खानावळींमधून एका ताटाची टेबलं वेगळी मांडलेली असत. लग्नाच्या पंगतीत वाढपी विचारायचा, "जोड आहे का? मग पान एकच वाढतो." स्थळांच्या जाहिरातींत 'मुलगी भावाच्या घासजोडीत आहे, लग्नानंतर भाऊ सोबत राहील' असं छापून येई आणि तरी लग्नं जमत. जी घरं एकेकाळी कामाला येणाऱ्या बाईचा पेला खिडकीत वेगळा ठेवायची, त्यांच्याही ताटात आता परक्याचं उष्टं होतं, आणि ते ती मुकाट्याने, पुष्कळदा कृतज्ञतेने खात होती. घासजोड म्हणजे किडनी देणारा आणि घेणारा. ही जोडी शस्त्रक्रियेने सुटत नसे. तिथून ती सुरू होई.

या दोघींसाठी हे सगळं सुरू झालं एका साध्या प्रश्नावरून. ईश्वरीला तो डॉ. नाझिया मुजावर यांनी विचारला होता, तेव्हा तिच्या हाताच्या शिरा डायलिसिसच्या सुयांनी टणक झाल्या होत्या आणि रुंजी नुकती चालायला लागली होती.

"तुम्ही काल काय खाल्लंत?"

"भात आणि दुधी."

"तो भात तुमचा कोण लागतो?"

ईश्वरी बघतच राहिली. डॉक्टर हसल्या. पन्नाशीच्या बाई, चष्मा कायम डोक्यावर चढवलेला, आणि टेबलावर खारे शेंगदाणे.

"परकाच ना? झाडाचं बी ते. तेच तुमच्या रक्तात टोचलं तर शरीर पेटून उठेल. मग पोटात गेल्यावर का नाही उठत?"

"पचतं म्हणून."

"पचायच्या आधीच आतड्याने ठरवलेलं असतं, हा रोजचा आहे, याला मारायचं नाही. आपल्या शरीरात पहारेकरी पेशी असतात. परकं दिसलं की मारायचं, एवढंच त्यांना ठाऊक. दुसऱ्याची किडनी बसवली की ते तिच्यावरच तुटून पडतात. पूर्वी आम्ही काय करायचो? औषधं देऊन सगळ्याच पहारेकऱ्यांना जन्मभर झोपवून ठेवायचो. किडनी वाचायची, पण दार उघडं. साधा खोकलासुद्धा आत शिरून माणूस घेऊन जायचा. मी म्हटलं, झोपवायचं कशाला? ओळख करून देऊ. आणि ओळख करून द्यायची शरीराची जुनी जागा म्हणजे तोंड."

त्या ओळखीलाच त्यांनी 'सलोखा' नाव दिलं होतं. दात्याच्या गालांना आतून एक लेप देत. लेप तिथल्या पेशींमध्ये मुळापर्यंत मुरे आणि त्यांच्यावर एक खूण उमटवी. दात्याने घास चावला की अशा हजारो पेशी अन्नात उतरत. ते उष्टं घेणाऱ्याच्या पोटात गेलं की आतडं ती खूण वाचून शरीरभर निरोप धाडे, की या माणसाचं जे काही असेल त्याला हात लावू नका. फक्त या एका माणसाचं. बाकी पहारा जागाच राही.

"एकदा ओळख झाली की पुरे ना?" ईश्वरीने विचारलं होतं.

"नाही. दिसेनासा झालेला माणूस शरीर विसरतं. घास तुटला तर काही आठवड्यांत पहारेकरी पुन्हा उठतील. रोज जेवायचं एकत्र. जन्मभर." मग त्या तेजश्रीकडे वळल्या. "आणि तुम्ही. किडनी देऊन मोकळं होता येणार नाही. तुमचं तोंड आता तुमच्या एकटीचं नाही. तंबाखू नाही, सुपारी नाही, तोंड धुवायची औषधं नाहीत. वर्षातून एकदा तोंड तपासून घ्यायचं. गाव सोडायचं तर हिला घेऊन सोडायचं."

ईश्वरीच्या माहेरी द्यायला कुणी उरलं नव्हतं. नवऱ्याचं, मकरंदचं, जुळलं नव्हतं. तेजश्रीचं जुळलं. ती तेव्हा हुबळीला मैत्रिणीबरोबर कपड्यांचं दुकान काढणार होती. सामान बांधलेलं होतं. तिने पिशव्या सोडल्या, मशीन पुन्हा खिडकीशी लावली आणि म्हणाली, "हुबळीत नुसत्या साड्या विकल्या असत्या. इथे एक वहिनी शिवून काढते."

निघताना केंद्रातल्या परिचारिकेने सांगितलं होतं, ताट पूर्ण संपवा, तिसऱ्या कुणाला देऊ नका. दोघींनी त्याचा अर्थ असा लावला की मात्रा कमी पडायला नको. म्हणून ईश्वरी भाकरी एक जास्तच करायची. मात्रा कधी कमी पडू दिली नव्हती. आईच्या ताटातला घास पोराला देणं म्हणजे 'तिसऱ्याला देणं', हे त्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

अडीच वर्षं सुखाची गेली. मग ताटातले चावे लहान होऊ लागले.

ईश्वरीच्या ते आधी डोळ्यांना नाही, जिभेला कळलं. पूर्वी तुकड्याला दातांची लांब कमान उमटलेली असे. आता कड नुसती कुरतडल्यासारखी लागे. मग तेजश्री भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली. मग म्हणाली, आता मऊ भातच करत जा.

"वन्सं, दात दुखतोय का?"

"वय झालं की तोंड आपोआप लहान होतं. तुझ्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, देव पावला."

"जांभई देतानाही तुमचं तोंड उघडत नाही हल्ली."

"माझ्या जांभयांवर नजर ठेवतेस? काम दे हिला कुणीतरी." तेजश्रीने मशीनचं चाक फिरवलं. तिचा उजवा गाल किंचित फुगलेला होता. ईश्वरीला वाटलं, खडीसाखर असेल. वन्सं तसंच सांगायच्या.

केंद्रातल्या तपासणीची तारीख येऊन गेली. तेजश्री म्हणाली, लग्नसराई आहे, ब्लाउजांचा ढीग पडलाय, पुढच्या महिन्यात जाऊ. पुढच्या महिन्यात म्हणाली, पाऊणशे साड्यांना फॉल लावायचेत. ईश्वरीचे स्वतःचे रक्ताचे अहवाल इतके उत्तम येत होते की कुणाला घाई वाटली नाही.

शेवटी पाहिलं ते रुंजीने. रविवारी दुपारी तिचा दवाखाना भरला होता. मकरंदची बॅटरी तिने घेतली होती, गळ्यात मशीनचा पट्टा अडकवला होता. बाबा तपासून झाले, बाहुली तपासून झाली. मग ती आत्याच्या मांडीवर चढली.

"आ कर आत्तू."

"नको गं, माझं पेशंटचं वय नाही."

"आ कर ना! इंजेक्शन देणार नाही."

तेजश्रीने दोन बोटांएवढं तोंड उघडलं. तेवढंच उघडत होतं. रुंजीने बॅटरी लावून आत डोकावलं आणि आनंदाने ओरडली, "आई, आत्तूच्या गालात साय आहे! दुधावरची!"

ईश्वरी भांडी तशीच टाकून आली. तिने बॅटरी घेतली. उजव्या गालाच्या आत पांढरा, सुरकुतलेला थर होता, आणि त्याच्या मधोमध एक लाल, रुतलेला खड्डा.

"कधीपासून?"

तेजश्रीने तोंड मिटलं. हात मशीनच्या खणाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. ईश्वरीने खण उघडला. बॉबिनच्या डबीत कातरलेली सुपारी होती.

"वन्सं!"

"ओरडू नकोस, पोर घाबरेल." तेजश्री हळू आवाजात म्हणाली. "किडनी दिली, हुबळी दिली, सगळं तोंड दिलं तुला. काय खायचं, काय नाही, कधी, कुणाबरोबर. एका गालात तेवढं माझं काहीतरी ठेवलं."

"अहो पण दिसल्यावर तरी सांगायचं!"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी जोड तोडली असती त्यांनी. मग तू काय खाल्लं असतंस? पोर काय खेळलं असतं?"

ईश्वरीला तिला गदागदा हलवावंसंही वाटलं आणि कुशीत घ्यावंसंही. तिने त्यातलं काहीच केलं नाही. रुंजीच्या गळ्यातला पट्टा काढला आणि चप्पल शोधू लागली.

डॉ. मुजावरांनी तेजश्रीच्या गालाचा तुकडा तपासायला पाठवला, आणि निकाल आला तेव्हा दोघींना समोर बसवलं. टेबलावरचे शेंगदाणे आज तसेच पडून होते.

"कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "फार पुढे गेलेला नाही. ऑपरेशन करू, बऱ्या व्हाल. हे तुमच्यासाठी, तेजश्री. ईश्वरी, तुमच्याशी वेगळं बोलायचंय."

"मला काय झालंय? माझे रिपोर्ट तर..."

"उत्तम आहेत. तेच मला नको होतं." त्यांनी डोक्यावरचा चष्मा काढून हातात घेतला. "कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे तुम्ही लहानपणापासून ऐकलंय. का लागत नाही, हे कधी मनात आलं?"

"तो काही जंतू नाही म्हणून."

"बरोबर. ती माणसाची आपलीच पेशी असते, बिघडलेली. थांबायचं कसं ते विसरलेली. अशी पेशी दुसऱ्याच्या अंगात गेली तरी टिकत नाही, कारण तिथले पहारेकरी तिला परकी म्हणून मारतात. बिघडलेली आहे म्हणून मारत नाहीत, लक्षात घ्या. परकी आहे म्हणून. एवढ्या एका भिंतीमुळे माणसाचा कॅन्सर माणसाबरोबर संपतो."

ईश्वरीचा हात नकळत ओटीपोटाकडे गेला.

"आणि माझी भिंत..."

"त्या भिंतीत मी एक दार काढलं. एका माणसासाठी. म्हटलं, हिचं जे काही येईल त्याला अडवू नका. ते दार किडनी आणि कॅन्सर यांत फरक करत नाही. दोघांवर नाव एकच आहे."

तेजश्री उठून खिडकीशी गेली. पाठमोरी म्हणाली, "म्हणजे मी रोज तिला ताटात वाढून देत होते."

"बसा हो वन्सं."

"बसा काय म्हणतेस मला? शिव्या दे!"

"देईन. घरी गेल्यावर सवडीने देईन." ईश्वरी डॉक्टरांकडे वळली. "दार बंद करता येतं?"

"येतं. आजपासून घास बंद. मोठ्या माणसाचं शरीर सलोखा विसरतं. पहारेकरी जागे होतील आणि तेजश्रीचं जे जे सापडेल ते बाहेर काढतील. रुजलेली एखादी पेशी असेल तर तीही. पण..."

"किडनीसुद्धा."

"किडनीसुद्धा. पुन्हा डायलिसिस. पुन्हा दाता शोधायचा. आणि पहारेकऱ्यांना झोपवायची ती जुनी औषधं मी तुम्हाला देणार नाही, तुमचे पहारेकरी मला टक्क जागे हवेत. तेव्हा दाता मिळाला तरी तो साधा चालणार नाही, पुन्हा सलोखा जमणारा हवा. मी खोटी आशा दाखवणार नाही."

ईश्वरीला त्या सुया आठवल्या. मशीनवरून उठल्यावर जीभ कोरडी पडायची, आणि मोजून दिलेल्या पाण्यातला शेवटचा घोट ती रुंजी झोपेपर्यंत राखून ठेवायची. तिने डोळे मिटले आणि उघडले.

"उठवा पहारेकऱ्यांना. मला लेक वाढवायचीय. मशीनवर बसून वाढवीन."

डॉक्टरांनी मान हलवली. मग कागद पुढे ओढत, नेहमीचा प्रश्न म्हणून, त्यांनी विचारलं, "ताट पूर्ण तुम्हीच संपवत होता ना? घासजोडीचं उष्टं घरात आणखी कुणी खाल्लेलं नाही?"

खिडकीशी उभ्या असलेल्या तेजश्रीने मागे वळून पाहिलं. दोघींची नजर एकमेकींना भिडली, आणि एका ताटात जेवणाऱ्या त्या दोघींच्या मनात एकच खेळ आला.

रुंजीची तपासणी झाली तेव्हा ती रडली नाही. परिचारिकेने गालाच्या आतून कापूस फिरवला, तर म्हणाली, "आत्तूची साय बघताय का?"

निकाल सांगायला डॉ. मुजावर स्वतः घरी आल्या. मकरंदने खुर्ची पुढे केली, त्या पाटावरच बसल्या. जिथे रुंजी जेवायला बसायची तिथेच.

"अन्नातली मात्रा थोडीशी असेल तर तिसऱ्यावर काही परिणाम होत नाही, असं आम्ही मानलं होतं. मोठ्यांवर होतही नाही. तुम्हाला नुसतं 'देऊ नका' म्हणून सोडलं, कारण सांगितलं नाही. ती चूक माझी." त्यांचा आवाज कोरडा होता. "पण ईश्वरीचं ऑपरेशननंतरचं पहिलं ताट झालं तेव्हा रुंजी दीड वर्षाची होती. त्या वयात पहारेकरी अजून शाळेत असतात. कोण आपलं, कोण परकं, ते शिकतच असतात. ईश्वरीच्या शरीराला मी सांगितलं, तेजश्री परकी आहे पण मारू नका. रुंजीच्या शरीराने ते तसं ऐकलेलंच नाही. त्याने ऐकलं, ही मीच आहे."

"पण ती विसरेल ना? घास बंद केला तर?" मकरंदने विचारलं.

"शिकवलेलं विसरतं. स्वतःला कोण विसरतं?"

तेजश्री दारात उभी होती. ऑपरेशन चार दिवसांवर होतं. केंद्रातल्या त्या दिवसापासून तिने रुंजीला मांडीवर घेतलं नव्हतं, की कशाला दात लावून दिला नव्हता, आणि पोर घरी असेल तेवढा वेळ तिच्या पायात घोटाळत होतं.

"तिच्या हिरडीत, दाढ आली त्या जागी," डॉक्टर पुढे म्हणाल्या, "तेजश्रीच्या थोड्या पेशी घर करून आहेत. आज साध्या आहेत. बिघडलेली एकही सापडली नाही. दर महिन्याला बघत राहायचं. वाढल्यावरही. आणि एक," त्यांनी ईश्वरीकडे पाहिलं, "हे उष्टं आणखी कुणा लहान मुलाने खाल्लं असेल, तर मला आत्ताच सांगा."

"नाही," ईश्वरी लगेच म्हणाली. "घरात तर हीच एक."

मकरंदनेही मान हलवली. तेजश्री मशीनकडे बघत होती, मग मशीनच्या बाजूच्या खुंटीकडे. खुंटी रिकामी होती. रुंजीचं दप्तर बालवाडीला गेलं होतं.

"ईश्वरी," ती फार हळू म्हणाली, "डबा."

बालवाडी गल्लीच्या टोकाला होती. ईश्वरी पदर न सावरता धावली. ऊन तापलं होतं. पहारा पुन्हा जागा होत असल्यामुळे कुशीत दुखू लागलं होतं, आणि ती कूस दाबून पळत होती. मनाशी घोकत होती, रुंजी डबा एकटी खाते, डबा रोज रिकामा येतो, चाटूनपुसून रिकामा येतो.

अनघाताई दारातच भेटल्या. बालवाडी त्यांचीच. अंगावर खडूची पांढरी बोटं उमटलेली.

"अय्या, तुम्ही आज लवकर? या या. बरं झालं आलात, मला तुम्हाला केव्हाचं सांगायचं होतं. काय मुलगी वाढवलीय हो! दोन वर्षांत एक दिवस तिने एकटीने डबा खाल्ला नाही. पहिल्या दिवसापासून सगळ्यांना घेऊन बसते. आमच्याकडे काही मुलं अशी यायची, एकमेकांच्या डब्याला हात लावू देत नसत. घरचं शिकवणं, दुसरं काय! आता बघा."

"अनघाताई, आजचा डबा..."

"चालूच आहे. पण आता तिच्याशिवायही खेळतात हो ती. गेल्या वर्षीची मुलं पहिलीत गेली ना, तिथेही सुरू केलंय म्हणे. त्यांच्या बाई कौतुक करत होत्या."

आत सतरंजीवर पोरं गोल करून बसली होती. मध्ये रुंजीचा उघडा डबा. पोळीचा एक तुकडा हातातून हातात, तोंडातून तोंडात फिरत होता, प्रत्येक जण छोटासा चावा घेऊन पुढे देत होता आणि सगळी मिळून तालावर म्हणत होती. आईला पाहून रुंजीचं तोंड फुललं, पण खेळ मोडायचा नव्हता म्हणून ती उठली नाही.

तुकडा शेवटच्या मुलीपाशी आला. बारीक चणीची, दोन वेण्यांची, समोरचे दात नुकते पडलेली मुलगी होती ती. ईश्वरीने तिला कधी पाहिलं नव्हतं. तिने तेजश्रीला कधी पाहिलं नसणार. दारात उभ्या असलेल्या पाहुणीला उपाशी ठेवायचं नसतं, हे तिला या खेळानेच शिकवलं असावं. ती उठून ईश्वरीपुढे आली, नखाएवढा उरलेला तुकडा तळहातावर धरला आणि श्वास न घेता म्हणाली,

"हा आत्तूचा, हा आईचा, हा रुंजीचा, हा कबीरचा, हा झोयाचा, हा शिवांशचा, हा माझा. काकू, आ करा."